पाठक साहेबांच्या जळवा

रविवार, ७ डिसेंबर, सकाळी अकरा. स्थळ : वाचनालयाची मागची खोली. हजर : अध्यक्ष नाना, सचिव म्हणून शाळेचे मुख्याध्यापक, लेखक गंगाधरराव पाठक (निवृत्त कालवा निरीक्षक), सभासद अनसूयाबाई वाठोरे (राहणार टेलवाडी; यांना बोलावलं नव्हतं), आणि ग्रंथपाल म्हणून मी. विषय एकच : ‘आकाशजळवा’ ही कादंबरी वाचनालयाने दाखल करून घ्यावी की नाही.

त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं. त्यात पाठक साहेबांबद्दल अडीच ओळी आहेत. माणूस अडीच ओळींत बसणारा नव्हता, म्हणून उरलेलं इथे लिहून ठेवते.

पाठक साहेब तीस वर्षं कालव्यावर होते. सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी सुटलं, की ते कोणत्या चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, किती दिवस द्यायचं, गेट कधी उघडायचं, कधी पाडायचं, ते बघणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी डोळा पाण्यावरच. सकाळी दहाला वाचनालयात पाय ठेवला की आधी माठाचं झाकण उचलायचे. “बाई, दोन इंच उतरला. कालपासून कोण पिऊन राहिलं एवढं?” हॉटेलातला चहा त्यांच्यापुढे आला, की कप उजेडात धरून म्हणायचे, “पूर्ण क्षमतेनं न्हाई सोडला.” सागाची एक तीन फुटी पट्टी त्यांच्याकडे कायम असायची, इंचांच्या खुणा केलेली. बोलताना ते ती हलवायचे, तिने पाठही खाजवायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : “नोंद घेतली.” कोणी काहीही सांगो. पाणी आलं नाही, गेट तुटलं, शेजाऱ्याने चारी फोडली, उत्तर एकच. ते इतक्या गंभीर आवाजात यायचं, की माणूस समाधानाने घरी जायचा. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात यायचं, की साहेबांच्या हातात वही नव्हती आणि खिशाला पेनही नव्हता. खात्याच्या रजिस्टरात आमच्या चारीसमोर तीस वर्षं एकच शब्द आहे : ‘सुरळीत’. हे मला त्यांनीच सांगितलं. अक्षर चांगलं होतं त्यांचं, हेही सांगितलं.

वाचायचे मात्र फक्त भुताखेताच्या आणि परग्रहावरच्या कादंबऱ्या. आमच्याकडे अशी एक मांडणी आहे, खालून दुसरी. तिच्यातल्या पुस्तकांना कव्हर नाही, काहींना शेवट नाही. ती सगळी त्यांनी दोन-दोनदा वाचली होती. पुस्तक परत देताना अभिप्राय द्यायचे. “रक्त भरपूर आहे, पण पाण्याचा हिशोब चुकला. मे महिन्यात विहिरीतून भूत निघालं, ते गळ्यापर्यंत ओलं. मेमध्ये विहिरीला एवढं पाणी कुठून आलं, ते लेखकानं सांगितलंच न्हाई.” मी म्हटलं, “साहेब, भूत चालतं, पाणी चालत नाही?” ते म्हणाले, “भूत मी पाह्यलं न्हाई, बाई. पाणी पाह्यलंय.”

अशा वाचकाने एक दिवस स्वतः लिहायला बसावं, यात नवल नव्हतं. खात्याचे जुने छापील फॉर्म त्यांनी निवृत्तीच्या वेळी पिशवीत भरून आणले होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर दोन वर्षं लिहिलं आणि ‘आकाशजळवा’ तयार झाली. तीनशे प्रती वसमतला छापून आणल्या. वाचनालयाचा नंबर पडेपर्यंत एकही बाहेर काढायची नाही, म्हणून गठ्ठे घरी बांधून ठेवले.

कथा थोडक्यात अशी. एका अमावास्येला आकाशातून हिरवा गोळा सिद्धेश्वरच्या धरणात पडतो. त्यातून परग्रहावरच्या जळवा निघतात. त्या माणसाच्या कानातून शिरतात, आतलं सगळं शोषतात आणि नुसतं कातडं कुंपणावर वाळत घालतात. धरणातून त्या कालव्यात उतरतात. इथवर कोणीही लिहिलं असतं. पण पाठक साहेबांच्या जळवा पाणीपाळीच्या वेळापत्रकाप्रमाणे येतात. पहिल्या चारीचे लोक सोमवारी मरतात, दुसरीचे शुक्रवारी. पाळी चुकवून एकही जळू पुढे जात नाही. आणि सातव्या प्रकरणात, आमच्या चारीवर, माणूस मरतो, तो ठिकाणासकट मरतो. पान ६२ मी जसंच्या तसं देते :

‘हिरव्याकच्च, लिबलिबीत जळवेने दादासाहेबांच्या मांसल मानेला विळखा घातला आणि त्यांच्या कंठातून एक अमानुष किंकाळी बाहेर पडली (साखळी ४२०० मीटर, डावा काठ, जुळ्या बाभळीखाली, चार इंची पाइप, वर तुराट्या झाकलेल्या).’

साखळी म्हणजे कालव्याच्या तोंडापासूनचं अंतर. ते त्यांना लिहावंच लागायचं. मी विचारलं होतं, “ही कंसातली आकडेमोड कशाला?” ते गोंधळलेच. “मग वाचकाला कळणार कसं, कुठं मेला ते?”

कव्हर वारंगा फाट्यावरच्या पेंटरने काढलं. तो ट्रकांच्या मागची चित्रं काढतो. त्याने आयुष्यात जळू काढली नव्हती. नजर लागू नये म्हणून ट्रकवर काढतात तो शिंगवाला, जीभ बाहेर काढलेला चेहरा त्याला पाठ होता. तोच त्याने जळवेला बसवला. बाजूला किंचाळणारी बाई काढली आणि कोपऱ्यात, सवयीने, कमळ. पाठक साहेब खूश होते. “भय आलं की न्हाई?” मला विचारलं. मी म्हटलं, “मागे चाळीस टन माल असल्यासारखं वाटतं.” ते म्हणाले, “नोंद घेतली.”

दोन प्रती घेऊन ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत. “बाई, याला दाखल नंबर द्या.”

नियम असा, की भेट आलेलं पुस्तक समितीपुढे जातं, समिती हो म्हणाली की मी दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक देते, शिक्का मारते, आणि मग ते वाचनालयाचं होतं. तोवर ते टेबलावर ‘परीक्षणासाठी’ राहतं. हे मी सांगितलं.

“तेच म्हणून राहिलो मी,” ते म्हणाले. “छापलं म्हणजे पुस्तक झालं न्हाई. नंबर पडला की झालं. मी तीस वर्षं दुसऱ्याच्या पाण्याला नंबर दिले. माझ्या नावावर एक नंबर पाहिजे, बाई. माणूस गेला तरी राहील असा.”

हे एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून पट्टी न हलवता ऐकलं.

समितीची सभा दोन महिन्यांनी होती. तोवर दोन्ही प्रती टेबलावरून हलल्या त्या हलल्याच. आमच्याकडे बक्षीस मिळालेल्या कादंबऱ्यांचं एक कपाट आहे, काचेचं. त्याची किल्ली गेल्या वर्षी हरवली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आकाशजळवांसाठी मात्र मला प्रतीक्षा यादी करावी लागली. पहिल्या आठवड्यात सतरा नावं, तिसऱ्यात एक्केचाळीस. मुख्याध्यापकांनी आधी मला वाचकांच्या घसरत्या अभिरुचीवर दहा मिनिटं सुनावलं, मग विचारलं, “माझा नंबर कितवा?” आणि पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं.

भयकथा लोक घाबरायला वाचतात, असं म्हणतात. आमच्या गावात एकही माणूस घाबरला नाही. सगळे खूश होते. कारण सोपं होतं. साहेबांच्या जळवा पाटाच्या साध्या पाण्यातून कोणाच्या अंगावर जात नव्हत्या. त्यांना विहिरीचा अंधार लागायचा, आणि कालव्यातून विहिरीत जायचा रस्ता म्हणजे चोरून टाकलेला पाइप. ज्याचा पाइप, त्याच्या घरी जळू. ती मतं मोजत नव्हती, कोणाचा माणूस आहेस विचारत नव्हती, आणि तिला फोन करून थांबवता येत नव्हतं. आमच्या चारीवर असं काही परग्रहावरूनच येणं शक्य होतं, म्हणून लोक रात्रंदिवस वाचत होते. शिंपीकाम करणारे एक गृहस्थ तर रुसूनच आले. “सायब, आख्खी पेठ मारली तुमी. मला काहून न्हाई घेतलं?” पाठक साहेब म्हणाले, “तुमचा पाइप कुठंय?” शिंपी म्हणाला, “माझं शेतच न्हाई.” साहेब म्हणाले, “मग मरता येत न्हाई. नियम आहे.”

नावं सगळी बदललेली होती. साखळ्या बदललेल्या नव्हत्या.

हे पहिल्यांदा लक्षात आलं अनसूयाबाईंच्या. त्या टेलवाडीच्या. चारीच्या अगदी शेवटच्या टोकाची वस्ती. खात्याच्या भाषेत टोकाला टेल म्हणतात, म्हणून टेलवाडी. दोन एकर जमीन, सातवीपर्यंत शाळा, आणि दर बुधवारी पुस्तक बदलायला न चुकता. वस्तीवरच्या बायकांना त्या विहारात बसून मोठ्याने वाचून दाखवतात, त्यामुळे एका प्रतीत वीस वाचक होतात. माझ्या नोंदीत मी एकच धरते. कादंबरीत टेलवाडी बचावते. जळवा तिथवर पोचतच नाहीत, कारण पाणीच पोचत नाही, आणि मनुष्यजात शिल्लक राहते ती फक्त टेलवर.

अनसूयाबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि साहेबांच्या समोरची खुर्ची ओढली.

“सायब, पानी न्हाई म्हनून आमी वाचलो व्हय?”

“व्हय. शेवट तसाच आहे.”

“लई उपकार झाले. हरभरा जळाला, पर जीव वाचला.” मग त्या पुढे झुकल्या. “तुमचं सातवं प्रकरन घेऊन आमी चारीनं चालत गेलो. मी अन् चार बाया. जिथं तुमी मानूस मारला, तिथं तुराट्या उचलून पाह्यल्या. अकरा मुडदे, अकरा पाइप. एक बी इकडंतिकडं न्हाई.”

पाठक साहेबांनी पट्टी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघत होते. गुपित उघडं पडल्याची भीती त्या चेहऱ्यावर यायला थोडा वेळ लागला. आधी जे आलं ते समाधान होतं. “एकही न्हाई ना चुकला?” त्यांनी विचारलं.

लोक पुराणं ऐकतात, काव्य म्हणतात. आमच्या गावाने कादंबरी हातात धरून, पावलं मोजत वाचली. पुढच्या पंधरा दिवसांत कालव्याच्या काठाने इतके वाचक फिरले, की तुराट्या पुन्हा पुन्हा झाकाव्या लागल्या. साखळी ४२००, डावा काठ, जुळ्या बाभळी हे शेत नानांचं. नाना वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी आयुष्यात पुस्तक वाचलं नव्हतं. हे त्यांनी एका बैठकीत वाचलं.

अनसूयाबाईंची मागणी लहान होती. टेलवाडीने खात्याला नऊ अर्ज केले होते. प्रत्येकाला उत्तर आलं होतं, की रजिस्टर पाहता चारी सुरळीत आहे. आता त्यांना साहेबांच्या सहीचा एक कागद पाहिजे होता : पाइप आहेत, मी पाहिले आहेत. पुढची पाळी जानेवारीत. हरभरा गेला होता, गहू अजून हातात होता.

“नोंद घेतली,” पाठक साहेब म्हणाले.

“न्हाई सायब,” अनसूयाबाई म्हणाल्या, “ह्या बारीला कागदावर घ्या.”

मग ७ डिसेंबरची सभा.

नाना गोड बोलले. ते नेहमीच गोड बोलतात. “पाठक सायब आपले मानूस. पुस्तक चांगलंय, लेकरं बी वाचून राहिली. नंबर देऊन टाका, मॅडम. फक्त ते सातवं प्रकरन जरा लांबलंय. तेवढं काढा. अन् पहिल्या पानावर लिहा, की सगळं काल्पनिक हाय. कुनाला तकलीफ नको.”

मुख्याध्यापक म्हणाले, कलात्मकदृष्ट्याही ते प्रकरण सैलच आहे.

अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. खुर्ची होती, कोणी बसा म्हटलं नव्हतं. “नाना, मी सभासद हाय. एक इचारते सायबाला अन् जाते.” त्या साहेबांकडे वळल्या. “खरं का खोटं? एवढंच सांगा.”

खोलीत माठाचं पाणी ठिबकत होतं. पाठक साहेबांनी माठाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, माझ्यासमोरच्या उघड्या दाखल नोंदवहीकडे पाहिलं. नोंदवहीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“कादंबरी आहे, अनसूयाबाई,” ते म्हणाले. “कादंबरीत खरं काय असतं?”

“बराबर,” नाना म्हणाले.

अनसूयाबाईंनी पदर खोचला. “जळू कानातून जाती म्हनून लिवलंत, सायब. तुमच्या तर तीस वर्सं आत हाय. कातडं तेवढं खुर्चीवर बसवलंय तिनं.” आणि त्या गेल्या. हे वाक्य इतिवृत्तात नाही. नाना म्हणाले, विषयाला सोडून आहे.

सातवं प्रकरण पाठक साहेबांनी स्वतः कापलं, तिथेच, माझ्या टेबलावर. पट्टी शिवणीशी धरायची आणि ब्लेड ओढायचं. कडा अगदी सरळ आल्या. दोन्ही प्रतींची पानं त्यांनी पिशवीत घातली. मी क्रमांक दिला, शिक्का मारला. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला, मान हलवली, आणि पाणी न पिता निघून गेले.

त्यानंतर वाचकांचं जे झालं, ते मला अपेक्षित होतं. एक्केचाळीस नावांची यादी आठवड्यात संपली. जळवा होत्या, किंकाळ्या होत्या, कातडी कुंपणावर वाळत होती. पण सहाव्या प्रकरणानंतर थेट आठवं येत होतं आणि मरणारा माणूस कोणीही होता, कुठेही होता. शिंप्याने पुस्तक दोन दिवसांत परत दिलं. “आता नुसतंच भ्या वाटतंय,” तो म्हणाला. दोन्ही प्रती खालून दुसऱ्या मांडणीवर गेल्या.

पाठक साहेबही यायचे बंद झाले. गुडघे दुखतात, असं कळलं. मग कळलं, की मुलगी त्यांना नांदेडला घेऊन जाणार आहे.

शेवटचे दिसले ते वारंगा फाट्यावर. मी वर्तमानपत्रांच्या फायलींसाठी पुठ्ठे घ्यायला गेले होते. दुपार होती. ते रसवंतीच्या बाकावर बसले होते, पायाशी दोन पिशव्या, मुलगी तिकीट विचारायला गेलेली. ग्लासात रस किती भरला यावरून त्यांची रसवाल्याशी हुज्जत चालू होती. मला पाहून ते उठले, आणि छोट्या पिशवीतून खाकी पाकीट काढलं.

“बाई, हे घ्या.”

आत सातवं प्रकरण होतं, एका प्रतीचं, नऊ पानं दोन्ही बाजूंनी छापलेली. समासात, प्रत्येक कंसासमोर, त्यांच्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं होतं : ‘समक्ष पाहिले. बरोबर आहे.’ खाली पूर्ण सही, निवृत्त कालवा निरीक्षक, तारीख. अकरा ठिकाणी अकरा सह्या. शेवटच्या पानावर एक जादा ओळ : ‘सेवेत असताना मी ही नोंद केली नाही.’

“आता ही कादंबरी न्हाई राहिली,” ते म्हणाले. “तो नंबर रद्द करा. ज्या पुस्तकात हे न्हाई, ते माझं पुस्तक न्हाई.”

मी म्हटलं, “साहेब, हे अनसूयाबाईंच्या हातात तुम्ही द्यायला पाहिजे.”

“ती काय म्हणेल, माहिताय मला. तुम्ही द्या. वाचनालयाचा शिक्का मारून, आवक नंबर टाकून द्या, म्हणजे कोणी म्हणू शकणार न्हाई, की हे बाईनं घरी बसून लिहिलं. माझी हिंमत इथपर्यंतच येऊन राहिली.”

तीस वर्षं पाणी टोकाला पोचवायचं ज्यांचं काम, त्यांनी हेही मधेच सोडलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बस लागली. मुलीने दोन्ही पिशव्या उचलल्या. ते पट्टी टेकत चढले, खिडकीशी आले, आणि मला वाटलं, आता हात करतील. पण त्यांच्या जागेवर कोणीतरी रुमाल टाकून ठेवला होता. बस हलली, तेव्हा ते पट्टीने सीटची रुंदी दाखवत त्या माणसाला काहीतरी समजावून सांगत होते.

दाखल क्रमांक मी दुसऱ्या दिवशी रद्द केला. शेरा : लेखकाच्या विनंतीवरून. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आवक नोंदीलाही लागत नाही, असं नियमात आहे. पण आवक नोंदवही दर महिन्याला अध्यक्षांच्या सहीला जाते, आणि माझी नेमणूक दर मार्चला त्याच सहीने पुढे चालते. कामांची यादी मी रोज करते. फायलींचे पुठ्ठे, झाले. फाटकी पुस्तकं बांधणीला, झाली. काचेच्या कपाटाला नवं कुलूप, झालं. ‘पाकीट, आवक क्रमांक, अनसूयाबाई’ ही ओळ मी तीन आठवडे रोज नव्या पानावर उतरवते आहे. अक्षर माझंही चांगलं आहे.

कालव्याला पाणी सोमवारी सुटणार, अशी दवंडी झाली. अनसूयाबाई उद्या, बुधवारी, पुस्तक बदलायला येतील.